वरचा आकडा, खालचा आकडा

४ तारीख, सोमवार

आज बगळ्याचं नाक फोडलं.

बगळा म्हणजे आमच्या फाउंड्रीतला क्रेनवाला. वर केबिनमध्ये मान लांब करून बसतो म्हणून हे नाव, मीच ठेवलंय. सकाळी त्याने रसाची बादली अशी काही फिरवली की वितळलेलं लोखंड काठावरून उडालं आणि साचेवाल्याच्या पायाशी येऊन पडलं. थोडक्यात वाचला. मी मुकादम, मी नाही बोलणार तर कोण बोलणार? बगळा शिडी उतरून खाली आला आणि मलाच म्हणतो, "मुकादम, तुम्ही इशाऱ्याचा हात लवकर हलवलात." मग मी हात खरोखरच हलवला. एकदाच. भट्टीच्या घरघरीतसुद्धा हाड मोडल्याचा आवाज आला. रक्त वाळूवर पडलं आणि लगेच जिरून गेलं.

कंपनीच्या डॉक्टरांनी बगळ्याच्या नाकात कापूस कोंबला आणि मग, काय सुचलं कोण जाणे, माझ्या दंडाला पट्टी बांधली. वरचं १७८, खालचं १०४. म्हणाले, "मुकादम, भट्टीजवळ जायचं नाही. आठवडाभर घरी बसा. सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, आणि मोजण्याआधी काय चाललं होतं तेही लिहा. खरं लिहा."

आकडे त्यांना कागदावर देईन. बाकीचं इथे. वाळूच्या व्यापाऱ्याने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती, ती कामाला आली. कुणाला दाखवायची नाही, मग खरं लिहायला काय जातंय?

५ तारीख, मंगळवार

मशीन आणलं. मनगटावरचं नको, दंडावरचं घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी खुर्चीत बसलो, बटण दाबलं, १८६. परत दाबलं, १९१. हिला म्हटलं, "मशीन भंगार आहे." ही म्हणाली, "वरच्या सिस्टरांना विचारायचं का?"

वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांचा जन्म इस्पितळात गेला, आता निवृत्त आहेत. आल्या आणि बघताच हसल्या. मी शर्टाच्या बाहीवरून पट्टी गुंडाळली होती, पायावर पाय टाकला होता, हातात चहाचा कप होता आणि वर हिला ओरडत होतो.

"मुकादम, यातली एकही गोष्ट चालत नाही," त्या म्हणाल्या. "आधी लघवीला जाऊन या. चहा, तंबाखू अर्धा तास बंद. पाठ खुर्चीला टेकवा. दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा, पट्टी कोपराच्या वर दोन बोटं, नळी आतल्या बाजूला. हात टेबलावर, काळजाच्या उंचीला. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"तेव्हापासून बोलताय म्हणून विचारलं."

नाडीही शिकवली. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन बोटं टेकवायची. आपला अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते आणि माणूस दुसऱ्याची समजून आपलीच मोजत बसतो. अर्धं मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. ठोके मागेपुढे वाटले तर पूर्ण मिनिट. हिने पहिल्या फटक्यात नाडी शोधली. मला सापडेना. माझ्या बोटांना भाजून भाजून घट्टे पडलेत.

पट्टी कशी बांधायची ते दाखवायला सिस्टरांनी हिची बाही वर केली. दंडावर चार काळेनिळे ठसे. सिस्टर थांबल्या.

"हे कशानं?"

"कपाटाचं दार लागलं," ही म्हणाली.

शहाणी आहे. घरातलं घरात राहिलेलं बरं. रविवारी मी दंड धरून ओढलं होतं, त्याचे ते वळ. ओढलं म्हणजे काही मारलं नव्हे. पण बाहेरच्याला हा फरक कुठे कळणार?

६ तारीख, बुधवार

सिस्टर शिवणाची टेप घेऊन आल्या आणि माझा दंड मोजला. म्हणाल्या, "दंड आहे की खांब! ही पट्टी तुम्हाला लहान पडते. लहान पट्टीने आकडा खोटा वाढतो. मोठी आणा."

म्हणजे मला काही झालेलंच नाही! ही सगळी पट्टीची भानगड. तडक दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही, मोठ्या पट्टीचे वेगळे पैसे पडतील. विकताना माझा दंड त्याला दिसला नव्हता? कॉलर धरली आणि त्याचं डोकं काउंटरच्या काचेवर टेकवलं. टेकवलंच, आपटलं म्हणता येणार नाही, पण काच तडकली. दोन गिऱ्हाइकं पळाली. मोठी पट्टी मिळाली, वर तो सॉरीही म्हणाला.

घरी येऊन सगळं रीतसर केलं. लघवी, पाठ, पाय, पाच मिनिटं गप्प. १६८ आणि ९८. एका मिनिटाने परत, १६६. कमी झालं, पण उतरलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "दुकानातून येताना भांडलात का?" मी म्हटलं, "छे."

८ तारीख, शुक्रवार

काल १७०, १६४. आज सकाळी १७२. हे आकडे घेऊन गेलो तर डॉक्टर मला भट्टीचं तोंड दाखवणार नाहीत. गेटवर बसवतील आणि बगळा वरून बघून हसेल.

दुपारी युक्ती सुचली. हिची तब्येत ठणठणीत आहे, कधी साधं डोकं दुखत नाही. हिच्या दंडाला लहान पट्टी बांधायची आणि आकडे माझे म्हणून लिहायचे. मशीनला काय कळतंय दंड कुणाचा?

हिला खुर्चीत बसवलं. "पाठ टेक. पाय खाली. बोलू नकोस." ती कुठे बोलते म्हणा. मी समोर स्टूल घेऊन बसलो, कारण नीट झालं पाहिजे. बटण दाबलं. १५८ आणि ९६. नाडी १२२.

"अगं, हे काय?"

"मला काय माहीत?"

"परत."

१६४. नाडी १२८. मी उठून तिच्या डोक्याशी उभा राहिलो, पट्टी नीट बसली आहे का बघितली, हात टेबलावर सरळ केला. परत १७०.

माझ्यापेक्षा जास्त! एवढं साधं काम, नुसतं बसायचं, तेही नीट करता येत नाही. रागाच्या भरात एक ठेवून दिली. कानाजवळ बसली. खुर्चीसकट कलंडली आणि पट्टी दंडाला तशीच, मशीन टेबलावरून ओढलं गेलं ते मी हवेत झेललं. नशीब, फुटलं नाही.

९ तारीख, शनिवार

सकाळी ब्रेड आणायला गेलो, तिथे साचेवाला भेटला, गप्पांत वेळ गेला. परत आलो तर हिने कागद पुढे केला. "तुम्ही नव्हता तेव्हा मोजलं. आलं बघा तुम्हाला हवं तसं."

११६ आणि ७४. नाडी ७०. एका मिनिटाने परत मोजलं होतं, तेही तसंच.

म्हणजे मशीन लहरी आहे. काल खराब, आज बरं. यंत्राचं असंच असतं, आमची क्रेनही सोमवारी कुरकुरते. मी म्हटलं, "आता संध्याकाळचंही असंच मोज. मी बाहेर चक्कर मारून येतो." तिने लगेच मान हलवली. मी बाहेर जातो म्हटलं की अलीकडे ती फार पटकन मान हलवते. विचारणार होतो, राहून गेलं.

११ तारीख, सोमवार

डॉक्टरांकडे गेलो. कागद बघून खूश झाले. मग तिथे त्यांनी स्वतः मोजलं, १७६. मी मनात म्हटलं, मेलो. पण डॉक्टरच म्हणाले, "घरी चांगलं आणि इथे जास्त. असं होतं. काही लोकांचं बीपी डॉक्टर समोर आला की चढतं. भीतीने. त्यांना कळतही नाही."

मला हसू आवरेना. माणूस नुसता समोर उभा राहिला म्हणून नाडी धावायला लागते, असं कुठे असतं का? पण मान डोलावली. "हो डॉक्टर, तुमची जरा भीतीच वाटते."

भट्टीवर जायची परवानगी मिळाली. गोळ्या लिहून दिल्यात. घेईन.

घरी येऊन हिला सांगितलं, ती म्हणाली, "अहो, पण ते आकडे तुमचे नव्हते. खरंच काही झालं तर?" मी म्हटलं, "तोंडातून अशुभ काढू नकोस." खुशीत होतो म्हणून काही केलं नाही.

१२ तारीख, मंगळवार

भट्टी. काय सांगू! तोंडावर धग आली की माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. बगळा नाकावर पट्टी लावून वर बसला होता. दिवसभर एकमेकांकडे बघितलं नाही.

१३ तारीख, बुधवार

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. बादली भरली, मी इशारा केला, बादली हलली नाही. परत इशारा. नाही. बगळा केबिनमधून ओरडला, "मुकादम, खाली माणूस आहे, आधी त्याला हलवा." होता एक जण, साचा झाडत होता, मला दिसला नव्हता. पण सगळ्यांसमोर? मला?

पहार उचलली आणि शिडी चढायला लागलो. त्याने केबिनचं दार आतून धरलं. मी पहार काचेतून आत घातली. काचा त्याच्या तोंडावर फुटल्या, परत नाकातून रक्त. खाली बादली भरलेली, लटकती, आणि केबिन हादरतेय. कुणीतरी खाली "पळा" म्हणून ओरडलं. बादली कलली. रस सांडला, वाळूवर, ओल्या जागेवर, आणि तोफ उडावी तसा उडाला. साचेवाल्याच्या पोटरीवर गेला. तो जो किंचाळला ते अजून कानात आहे.

चौघांनी मला पायाला धरून शिडीवरून खाली ओढलं. मग मारलं. साचेवाल्याच्या भावाने फावड्याच्या दांड्याने मारलं, बरगडीवर, पाठीवर. मीही दोघांचे दात हलवले. शेवटी डोळ्यापुढे अंधारी आली आणि मीच खाली बसलो. मला वाटलं माराने. डॉक्टरांनी पट्टी बांधली, २१४ आणि १२६. परत बांधली, तेच. म्हणाले, "परवाचे घरचे आकडे कुणाचे होते?"

"माझे."

त्यांनी माझ्यादेखत घरी फोन लावला. ही फोनवर काय म्हणाली ऐकू आलं नाही. फार वेळ बोलली नाही. डॉक्टरांनी फोन खाली ठेवला आणि माझ्या आकड्यांच्या कागदावर आडवी रेघ मारली.

साचेवाल्याचा पाय बहुतेक जाणार. मला कामावरून कमी केलंय.

१४ तारीख, गुरुवार

हात दुखतोय, थोडक्यात लिहितो. काल संध्याकाळी घरी आलो. हिला विचारलं, "सांगितलंस ना?" ती म्हणाली, "त्यांनी विचारलं. मी खोटं कशी बोलू? एका माणसाचा पाय जायची वेळ आली." मी मारलं. आधी हाताने, मग पट्ट्याने, मग मशीन फेकलं. ते तिच्या भुवईवर लागलं आणि फुटलं. सिस्टर दार वाजवत होत्या, मी उघडलं नाही. त्या बाहेरून ओरडल्या, "मुकादम, मी तुमच्या लेकीला फोन केलाय."

करू दे.

१८ तारीख, सोमवार. इस्पितळ

डोक्याला टाके आहेत, उजवा कान भाजलाय. सिस्टरांनी कपड्यांच्या पिशवीतून ही डायरी पाठवली. स्वतः वॉर्डात आल्या नाहीत.

जे झालं ते लिहून ठेवतो. पुढे विचारतील तेव्हा गोंधळ नको.

शुक्रवारी लेक आली. ती लग्न करून पलीकडच्या भागात राहते, वर्षातून चारदा येते, तेही मी कामावर असताना. ही टेबलावर माझे शर्ट इस्त्री करत होती. एक डोळा सुजून बंद. लेकीने आईचं तोंड बघितलं आणि बॅग खालीच टाकली. म्हणाली, "आई, चल."

"इस्त्री होऊ दे," ही म्हणाली.

"आई, शर्ट कुणाचे आहेत ते बघ आणि चल."

मी म्हटलं, "माझ्या घरात येऊन मला शिकवू नकोस."

लेक माझ्याकडे वळली. "बाबा, लहानपणी मी पलंगाखाली बसून कानात बोटं घालायची. आता नाही घालणार. तुम्ही हलू नका, आम्ही जातोय." आणि आईचा हात धरला. मी लेकीचा तो हात पकडला. पिरगळला. मला फक्त सोडवायचा होता. मनगटात कट्‌ असा आवाज आला आणि ती गुडघ्यावर खाली गेली. ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास ओढला. मी दुसरा हात उगारला.

मग कानापाशी काहीतरी फुटलं. आधी वजन आणि मग चटका. इस्त्री. आमची जुनी, जड, लोखंडी बुडाची. मी वळून बघितलं तर ही उभी होती, वायर भिंतीतून निघून लोंबत होती. तिने परत उचलली आणि परत मारली. दुसऱ्यांदा मी खाली पडलो. जमिनीवर रक्त पसरत माझ्या डोळ्याकडे येताना दिसत होतं.

मी हललो नाही. हलता येत नव्हतं. ही माझ्याशेजारी बसली. माझं मनगट उचललं आणि अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टेकवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, ओठ हलत होते. पूर्ण मिनिट मोजलं तिने. लेक मागून म्हणाली, "आई, आहे का?" ही म्हणाली, "आहे." आणि मनगट खाली ठेवलं. हळू ठेवलं, फेकलं नाही.

हे मी विसरणार नाही. एवढं सगळं होऊन तिने माझी नाडी बघितली. बायको ती बायकोच. रुग्णवाहिका तिनेच बोलावली, नाडी ११० आहे, ठोका चुकतोय, हेही तिनेच सांगितलं, असं इथले डॉक्टर म्हणाले. भेटायला अजून आलेली नाही. लाजत असेल.

२० तारीख, बुधवार

पोलीस आला होता. तरुण, वही उघडून बसला. मी रात्रीच ठरवलं होतं. बाईमाणूस आहे, रागात झालं असेल, तिला कुठे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू?

"कशाने लागलं?"

"पडलो. इस्त्रीवर."

"दोनदा?"

"हो."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, तुमच्या बायकोने शुक्रवारीच जबाब दिलाय. मीच मारलं, दोनदा मारलं, असं स्वतः सांगितलंय. का मारलं तेही सांगितलंय. लेकीच्या मनगटाचा फोटो आहे, त्यांच्या अंगावरच्या वळांचे फोटो आहेत, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा जबाब आहे. काकूंनी बोलायला सुरुवात केली तर दोन तास थांबल्या नाहीत. लिहिणाऱ्याचा हात दुखला." मग म्हणाला, "मी त्यांच्याबद्दल विचारायला आलोच नाही. तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याबद्दल आलोय. फाउंड्रीतलीही आहे."

दोन तास. ही? घरात सबंध दिवसात तिची चार वाक्यं होत नाहीत. चुकून दुसऱ्या कुणाचा जबाब तर नसेल, असं मी विचारलं. त्याने वही मिटली.

संध्याकाळी इथल्या नर्सने बीपी मोजलं. मोठ्या पट्टीने, रीतसर. १५२. गोळ्या लागू पडतायत म्हणाली.

३० तारीख, शनिवार

घरी येऊन आठवडा झाला. जामिनावर आहे. हिच्यापासून, लेकीपासून लांब राहायचं, असं लिहून दिलंय. गोळ्या घेतो. साचेवाल्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

आज सकाळी ही तिचे कपडे न्यायला आली. बरोबर लेक, हात प्लास्टरमध्ये, आणि सिस्टर. तो तरुण पोलीसही होता. त्याने मला बाहेर जिन्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः मध्ये उभा राहिला. माझ्याच घराबाहेर, जिन्यावर. येणारी-जाणारी माणसं पाय जपून माझ्या बाजूने गेली.

आतून कपाट उघडल्याचे, खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. मग कुणीतरी हसलं. लहानसं नाही, पोट धरून, श्वास अडकेपर्यंत. सिस्टरांचं हसू मला माहीत आहे, घोगरं आहे. लेकीचंही माहीत आहे. हे तिसरंच होतं. मी पोलिसाला विचारलं, "आत अजून कोण आहे?"

"तिघीच आहेत," तो म्हणाला.

तेव्हा कळलं की हीच हसतेय.

सामान खाली गेलं. सगळ्यात शेवटी ही आली. भुवईवरची जखम भरलीय, खूण राहणार. मी उठलो तर पोलीस मध्ये आला. मी लांबूनच विचारलं, "काय झालं हसायला?"

ती थांबली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणाली, "ते आमचं आमच्यात होतं." आणि जिना उतरून गेली. घाई केली नाही.

त्यानंतर मी आत आलो. कपाट बघितलं, रिकामं. मोरी बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं, स्वयंपाकघरातले डबे उघडून बघितले. दुपारपर्यंत सगळं घर धुंडाळलं. हसण्यासारखं काहीच सापडलं नाही.